मिटलेल्या डोळ्यांचे फोटो

समोरच्या माणसाचे डोळे आता मिटणार, हे मला पापणी हलायच्या आधी कळतं. यात हुशारी काही नाही. सव्वीस वर्षं यवतमाळच्या आणि आसपासच्या मंगल कार्यालयांत नवरा-नवरीसमोर उभं राहून 'नजर इकडे, नजर इकडे' करत काढली की कुणालाही कळेल. पापणी खाली यायच्या आत बटण दाबायचं. चुकलंच तर तो फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत काढून टाकायचा. माझ्या अल्बममध्ये मिटलेल्या डोळ्यांचा एक फोटो दाखवा, अल्बम फुकट नेता येईल, असं मी लोकांना छाती ठोकून सांगायचो. अजून कुणी फुकट नेलेला नाही.

हा नेम माझ्या वडिलांचा. घरात त्यांना सगळे दादा म्हणतात. यवतमाळच्या बाजारपेठेत, मेन लाइनीत, स्टुडिओ त्यांनीच टाकला. त्यांच्या काळात खेड्यात एखादा माणूस गेला की घरच्यांच्या लक्षात यायचं, याचा तर एकही फोटो नाही. मग कुणीतरी सायकल मारत दादांकडे यायचं, आणि दादा कॅमेरा खांद्याला लावून त्याच्यासोबत निघायचे. मयताला भिंतीशी टेकवून बसवलेलं असायचं, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना मुलं-सुना. सगळ्यांचे डोळे उघडे, मधल्या एकाचे मिटलेले. असे फोटो त्यांनी अर्ध्या जिल्ह्यात काढले आहेत. अजूनही कुठल्या घरी लग्नाची ऑर्डर घ्यायला गेलो की भिंतीवर तसला एखादा दिसतो, आणि घरचे कौतुकानं सांगतात, हा तुमच्या दादांनी काढलेला.

मी सतरा वर्षांचा असताना एका लग्नाचे प्रिंट पहिल्यांदा एकट्यानं तयार केले. त्यात नवरीचा एक फोटो मिटल्या डोळ्यांचा राहून गेला. दादांनी तो उचलला, चार तुकडे केले आणि एवढंच म्हणाले, "मिटल्या डोयाचा फोटो कोनाच्या घरात जाऊ देजो नको." कारण विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती. शिवाय आदल्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर एका मयताला गेलो होतो, त्यामुळे मला ते न सांगता पटलं होतं.

आता मुलीकडे येतो. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजातल्या एका रॉक बँडमध्ये गायची. बँड म्हटलं की आमच्या नातेवाइकांना वरात आठवते. "मग सीझनमध्ये कमाई चांगली होत असन," असं एका मावशीनं तिला विचारलं होतं. चौघं होते. मुलगी गायला, एक गिटारवाला घाटंजीचा, एक जाड तारांची बेस गिटार वाजवणारा, आणि ड्रमवाला फुलसावंगीच्या शेतकऱ्याचा पोरगा. गाणी त्यांची स्वतःची होती, आपल्या वऱ्हाडी बोलीतली. मला ती कानठळ्या बसवणारी वाटत. खरं सांगायचं तर मी एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

त्या वर्षी नागपूरला कॉलेजच्या बँडांचा दिवसभराचा एक कार्यक्रम होणार होता. यांचं रेकॉर्डिंग तिकडे आवडलं होतं. आता आयोजकांना प्रत्यक्ष स्टेजवरचे दहा फोटो हवे होते, पोस्टरसाठी आणि ही पोरं लोकांसमोर उभी कशी राहतात ते पाहायला. मुलीचा जीव त्या कार्यक्रमात अडकला होता. परीक्षा झाली की गिटारवाला पुण्याला आणि बेसवाला बंगळुरूला जाणार होता. चौघांनी मिळून मोठ्या स्टेजवर वाजवायचं ते एवढ्या एकदाच. हे तिनं मला तीन वेळा सांगितलं, आणि फोटो तुम्हीच काढा म्हणाली.

"फक्त फ्लॅश नका मारू बाबा. आन् स्टेजवर चढू नका."

"मले शिकवू नको," मी म्हटलं. "आमदाराच्या पुतणीचं लग्न केलं आहे मी."

कॉलेजचं गॅदरिंग होतं. सहा वाजता यांची पाळी आली. लाल लाइट लागला की माणसाचा चेहरा नुसता टोमॅटो, निळा लागला की आजारी. त्यात धुराचं मशीन. माइक बरोबर तोंडासमोर. गिटारवाल्याचे केस नाकापर्यंत आलेले, आणि ड्रमवाला झांजांच्या मागे अर्धा झाकलेला. असल्या ठिकाणी कुणाचा धड चेहरा मिळणार? दोन गाणी मी खालून कसाबसा दम धरला. मग मला राहवेना आणि मी स्टेजवर चढलो.

गिटारवाल्याला म्हटलं, केस मागं घे रे, चेहरा दिसत नाही. मैत्रिणीचे वडील म्हणून बिचाऱ्यानं घेतले. ड्रमवाल्याला म्हटलं, इकडे पाहा, तर त्यानं पाहिलं आणि त्याचा ठेका चुकला. तिसरं गाणं संपल्यावर मी चौघांना ओळीत उभं केलं, उंच मागं, बुटके पुढं, आणि हसा म्हटलं. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "काका, अक्षता वाटा." सगळं मैदान हसलं. मीही हसलो. मुलगी हसली नाही, हे मी त्या वेळी पाहिलं नाही.

ती गाणं सुरू झालं की डोळे मिटायची. मध्ये एखाद्या ओळीला उघडायची, की पुन्हा बंद. मी माइकच्या पलीकडून 'नजर इकडे' असं चार-पाच वेळा म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

कार्यक्रम संपल्यावर पोरं वायरी गुंडाळू लागली आणि मी स्पीकरच्या खोक्यावर बसून कॅमेऱ्यातच निवड करायला घेतली. लग्नात पंगत बसली की मी हेच करतो, म्हणजे घरी गेल्यावर कचरा उपसत बसावं लागत नाही. डोळे मिटलेले, डिलीट. तोंड वाकडं, डिलीट. केसांत चेहरा गेलेला, डिलीट. चारशेच्या वर फोटो होते, त्यातले साठ ठेवले. साठही एकदम स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीला हळद होती, म्हणून ते साठ कॉम्प्युटरवर उतरवून कार्ड कोरं केलं आणि त्याच कार्डावर हळद काढली.

संध्याकाळी मुलगी स्टुडिओत आली. साठही फोटो तिनं शांतपणे पाहिले.

"बाकीचे?"

"बाकीचे खराब होते."

"खराब म्हंजे?"

"डोळे मिटलेले. जास्त करून तुझेच. थोडे उघडे ठेवायले काय जात होतं तुले?"

स्क्रीनवर चौघं ओळीत उभे होते, गिटारवाल्याचे केस कानामागे, सगळे हसत. नवरदेवाचे मित्र म्हणून कुठल्याही अल्बममध्ये खपले असते.

"बाबा, मी डोळे मिटूनच गाते," ती म्हणाली. "तुम्ही काल गाणं ऐकलंच नाही."

आवाज चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता. माझा स्वभाव तसा आहे. पण ती हळूच बोलली.

दुसरं काही नव्हतंच, म्हणून त्यातलेच दहा तिनं नागपूरला पाठवले. बुधवारी उत्तर आलं. हे गॅदरिंगमधले ग्रुप फोटो दिसतात, गाताना-वाजवतानाचे असतील तर रविवारपर्यंत पाठवा, नाहीतर यंदा जमणार नाही. भाषा सभ्य होती. मैत्रिणींनी मोबाइलवर काढलेले फोटो पाहिले, तर ते हललेले, चेहरे लाइटनं जळालेले, आणि निम्म्यांत मधोमध माझी पाठ. कॉम्प्युटरवाल्या मित्राकडे मी कार्ड घेऊन गेलो, डिलीट केलेलं परत निघतं असं ऐकलं होतं. त्यानं दोन तास खटपट केली. निघाली ती सगळी घाटंजीची हळद. एकच फोटो अर्धा निघाला. वरच्या भागात धूर, माइक आणि मुलीचं कपाळ, खालच्या भागात हळदीचं ताट. तो मी तिला दाखवला नाही.

मला राग आला होता. कोणावर, ते मला धड सांगता आलं नसतं. राग आला की मी स्टुडिओचं शोकेस पुसायला काढतो. त्या दिवशी तीनदा पुसलं. घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पोरीचा फोटो काढायले गेलते का तिच्या दोस्तांचं लग्न लावायले?" मी जेवायला बसलो होतो. ताटावरून उठलो नाही इतकंच. मुलगी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती, चहा ठेवला आहे, गाडीची चावी कुठं आहे, एवढंच.

मग ड्रमवाल्याच्या मामानं मार्ग काढला. मामा कळंबचा. तिथं माघातल्या गणेश जयंतीला गर्दी असते, आणि शनिवारी गावाबाहेरच्या मैदानात काही पोरांनी ऑर्केस्ट्रा ठेवला होता. ऑर्केस्ट्रावाले तयार होईपर्यंत तुमची पाच गाणी म्हणून घ्या, असं मामानं ठरवून दिलं. वेळ पाचची. म्हणजे उजेड होता, आणि रविवारच्या आत फोटो मिळत होते. मुलगी फोटोसाठी दुसऱ्या कुणाला विचारायच्या बेतात आहे, हे मला बायकोकडून कळलं.

शुक्रवारी ती आणि बायको स्वयंपाकघरात सोल्यांच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी दारात उभा राहिलो.

"ती पाच गाणी म्हणून दाखव," मी म्हटलं.

"कायले?"

"तू डोळे कुठं मिटतेस ते पाहाचं आहे मले."

तिनं शेंगा सोलता सोलताच सुरुवात केली, बाजा नाही, काही नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. दुसरं गाणं एस. टी. स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोरीचं होतं. गाडी येते, थांबत नाही, आणि ती पोरगी चालायला लागते. मी इतके दिवस समजत होतो की ती लाजून डोळे मिटते. तसं नव्हतं. वरची ओळ यायच्या आधी ती श्वास घेते, मग पापण्या मिटतात, हनुवटी वर जाते, कपाळावर आठी पडते. ओळ पूर्ण झाली की डोळे उघडतात. ती आठी माझ्या ओळखीची होती. लहानपणी ताप आला की तिच्या कपाळावर तीच यायची. मी ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, कुठल्या गाण्यात, कितव्या ओळीला. बायको म्हणाली, "सोल्यांची भाजी होईपर्यंत पाचही होतील." झाली.

कळंबला मी स्टेजच्या डाव्या बाजूला खाली गुडघे टेकून बसलो आणि तिथून हललो नाही. फ्लॅश पिशवीत ठेवून पिशवी ड्रमवाल्याच्या मामाकडे देऊन टाकली. समोर पहिल्या रांगेत नऊवारीतल्या म्हाताऱ्या भजनाच्या आशेनं बसल्या होत्या. पहिल्याच ठोक्याला त्यांच्यातली एक कानावर हात ठेवून मागं सरकली, बाकीच्या जागच्या हलल्या नाहीत.

पहिलं गाणं पूर्ण वाया गेलं. वही समोर होती, ओळी पाठ होत्या, तरी माझं बोट ऐकेना. पापणी खाली आली की बोट थांबायचं, उघडली की दाबायचं. सव्वीस वर्षांची खोड. पाहिलं तर सगळे फोटो पुन्हा उघड्या डोळ्यांचे, ओळ संपल्यानंतरचे, दमलेले. उद्या रविवार होता, आणि या पोरीचं नागपूर माझ्या एका बोटावर अडकलं होतं.

दुसऱ्या गाण्याला मी डोळ्यांकडे पाहणं सोडलं आणि श्वास ऐकायला लागलो. माइकमधून तिचा श्वास ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. श्वास आला की दाबायचं, मग पापण्यांचं काही होवो. तिसऱ्या गाण्यापर्यंत हात जरा बसला. गिटारवाल्याचे केस चेहऱ्यावर आलेले तसेच घेतले. ड्रमवाल्याची जीभ बाहेर आलेली, तीही घेतली. चौथं गाणं म्हणून त्यांनी स्टँडवाल्या पोरीचं गाणं घेतलं. ऊन कलतं झालं होतं, मैदानातली धूळ वर आली होती, आणि ते ऊन बाजूनं तिच्या चेहऱ्यावर पडत होतं. तिनं श्वास घेतला आणि मी दाबलं.

मागच्या स्क्रीनवर फोटो आला. डोळे घट्ट मिटलेले, हनुवटी वर, कपाळावर ती आठी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि ओठ माइकला लागायचे बाकी. आणि माझा अंगठा आपोआप डिलीटच्या बटणावर गेला. खरंच गेला. मी तो उचलून घेतला आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

पाचवं गाणं संपलं तसं मी कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, स्टेजच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे ठेव तुझ्याजवळ. मी पाहून राह्यलो नाही. तूच निवड." तिनं कार्ड मुठीत धरलं. घरी परत येताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती आणि मूठ तशीच होती.

रविवारी तिनं दहा फोटो पाठवले. मंगळवारी नागपूरहून होकार आला. पोस्टरवर त्यांनी तोच फोटो घेतला. नागपूरला ते चौघं वाजवून आले, मी खाली बसून फोटो काढले, आणि जूनमध्ये ठरल्याप्रमाणे दोघं गेले. गिटारवाला अधूनमधून फोन करतो. केस कापावे लागले म्हणून सांगत होता.

त्या फोटोचा मोठा प्रिंट मी काढला खरा, पण आठ दिवस कपाटामागे ठेवला. कारण दादा. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. दुकानात येत नाहीत, सकाळी अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसतात. नातीचा मिटल्या डोळ्यांचा फोटो त्यांच्या समोर धरायची माझी हिंमत नव्हती. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, आणि चार तुकडे होतील म्हणून घाबरत होतो. शेवटी एका सकाळी मुलीनंच तो कपाटामागून काढला आणि त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. मी दात घासत होतो, तसाच बाहेर आलो.

दादांनी खिशातून भिंग काढलं. निगेटिव्ह तपासायचं त्यांचं जुनं भिंग. कपाळापासून सुरुवात केली, डोळ्यांवर थांबले, मग गळ्यापर्यंत आले, आणि पुन्हा डोळ्यांवर गेले. मुलगी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"तू काढला?" त्यांनी मला विचारलं.

"हाव."

"असे अजून आहेत का?"

"होते," मी म्हटलं. "कॉलेजमधले. शंभराच्या वर होते. मी डिलीट केले."

"काहून?"

मला वाटलं, चेष्टा करत आहेत. पण ते खरंच विचारत होते.

"तुम्हीच सांगतलं होतं ना, दादा. मिटल्या डोयाचा फोटो कोनाच्या घरात जाऊ देजो नको म्हणून."

दादांनी भिंग खाली ठेवलं. हातानं फोटोवरची धूळ झटकली, धूळ नव्हतीच.

"मले त्या मेलेल्याइचा धाक होता रे," ते म्हणाले. "हे तं गाऊन राह्यली."